भगिनीमंडळाचे दार

सुरतेच्या आग्नेयेस, मुंबई-अहमदाबाद आणि हजिरा-कलकत्ता हे दोन राष्ट्रीय महामार्ग जेथे एकमेकांस छेदतात, तेथे पलसाणा हे तालुक्याचे गाव आहे. आज त्याच्या आसपास कापडाच्या गिरण्या आणि रंगकामाचे कारखाने उभे आहेत, उसाची शेते त्यांच्यामधून अंग चोरून वाढतात, आणि जवळच्या सुरत शहरात खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी माणसे वस्त्यावस्त्यांतून राहतात. पण मराठी वाचकाचा पलसाण्याशी असलेला संबंध याहून जुना आहे. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तोपर्यंत पलसाणा हा गायकवाडी मुलूख होता. नवसारी प्रांतातील तो एक महाल होता.

या गायकवाडी मुलखात १९०६ साली एक कायदा लागू झाला. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग प्रथम १८९३ साली अमरेली भागात करून पाहिला होता. तो तेरा वर्षांनी सर्व संस्थानभर पसरविण्यात आला. मुलगे सात ते बारा वर्षांचे आणि मुली सात ते दहा वर्षांच्या, यांना शाळेत पाठविलेच पाहिजे, न पाठविल्यास पालकास दंड, असे त्याचे स्वरूप होते. दहाव्या वर्षी मुलीची सुटका होत असे, कारण पुढे तिचे लग्न उभे असे. आणि अंत्यज म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी शाळा निराळ्या होत्या, हेही विसरून चालणार नाही. तरीसुद्धा या कायद्यात एक गोष्ट मोलाची होती. शाळेने मुलीची निवड करावयाची नव्हती. ती गोरी की सावळी, बोलकी की मुखदुर्बळ, कोणाची कोण, हे विचारण्याचा मास्तरांना अधिकार नव्हता. तिचे वय भरले की तिचे नाव पटावर चढले पाहिजे, एवढेच.

याच बारडोली-पलसाणा-कामरेज पट्ट्यातून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाटीदार कुटुंबे अमेरिकेत गेली. तेथे त्यांनी रस्त्याकडेची मोटेले घेतली, सबंध कुटुंबाने राबून ती चालविली, आणि आज त्या देशातील मोटेलांपैकी जवळजवळ निम्मी भारतीयांच्या, त्यातही बहुतांशी गुजराती माणसांच्या, हाती आहेत असे सांगितले जाते. या कुटुंबांच्या मुली आता तेथील मोठमोठ्या विद्यापीठांत शिकतात. जिच्या पणजीला गायकवाडी कायद्याने हाताला धरून शाळेत नेले, तिची पणती ऑगस्ट महिन्यात, तास सुरू होण्यापूर्वीच्या आठवड्यात, एका निराळ्याच दारापुढे उभी राहू शकते. त्या दारावर दोन-तीन ग्रीक अक्षरे कोरलेली असतात. आत घ्यावयाचे की नाही हे आतल्या मुली ठरवितात. या संस्थेला तिकडे सोरॉरिटी म्हणतात. आपल्याकडे भगिनीमंडळ हा शब्द त्याला जवळचा आहे. मात्र आपले भगिनीमंडळ बहुधा वर्गणी भरणाऱ्या कोणाही बाईला सभासद करून घेते, आणि हे करीत नाही.

ही मंडळे निघाली कशी, ते पाहिल्यावाचून त्यांच्या निवडीची रीत कळणार नाही. अमेरिकन महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळांची परंपरा जुनी. पहिले मंडळ १७७६ सालचे आहे. ती सारी पुरुषांची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुलींना या महाविद्यालयांत प्रवेश मिळू लागला, तेव्हा त्यांचे स्वागत कोणी केले नाही. वर्गात त्या मूठभर असत. प्राध्यापक नाखूष, विद्यार्थी टवाळ. इंडियाना राज्यातील आज डीपॉ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठात बेटी लॉक नावाची एक प्राध्यापककन्या शिकत होती. तेथील पुरुषांच्या एका मंडळाने तिला आपले पदक घालावयास देऊ केले. पदक घालावे, मंडळाची शोभा वाढवावी, पण सभासद मात्र होता येणार नाही, अशी अट. तिने पदक नाकारले. त्या तरुणांनी मग तिला केक ठेवण्याची एक चांदीची परडी भेट दिली, अशी गोष्ट सांगतात. परडी घेऊन तिचे समाधान झाले नाही हे उघड आहे, कारण २७ जानेवारी १८७० रोजी तिने आणखी तीन मैत्रिणींसह ‘कप्पा आल्फा थीटा’ हे स्वतःचेच मंडळ काढले. त्याआधी तीन वर्षे, १८६७ च्या एप्रिलमध्ये, इलिनॉय राज्यातील मॉन्मथ महाविद्यालयात बारा मुलींनी असेच एक मंडळ काढले होते. ते पुढे ‘पाय बीटा फाय’ म्हणून प्रसिद्धीस आले. सोरॉरिटी हा शब्द मात्र त्यानंतरचा. सिराक्यूज विद्यापीठात ‘गामा फाय बीटा’ हे मंडळ १८७४ साली निघाले होते. त्यासाठी १८८२ साली तेथील लॅटिनच्या प्राध्यापकाने लॅटिनमधील ‘बहीण’ या अर्थाच्या शब्दावरून तो बनविला.

म्हणजे आरंभी ही मंडळे बाहेर ठेवलेल्यांची होती. चार मुली एकत्र येऊन अभ्यास करीत, निबंध वाचीत, आजारात एकमेकींना पाहत, आणि ज्या गावात वसतिगृह नव्हते तेथे एक घर भाड्याने घेऊन राहत. निवडीचा प्रश्न त्यांना पडलाच नसेल; वर्गात मुलीच इतक्या थोड्या.

पण मुलींची संख्या वाढली, आणि मंडळांचीही. विसाव्या शतकाच्या तोंडाशी एकाच विद्यापीठात पाचसहा मंडळे झाली, आणि चांगली मुलगी आपल्याकडे यावी म्हणून त्यांच्यात चुरस लागली. नवी विद्यार्थिनी आगगाडीतून उतरण्याआधीच तिला गाठावयास स्थानकावर माणसे धाडीत, असे सांगतात. या घाईगर्दीवरूनच त्या प्रकाराला ‘रश’ हे नाव पडले, आणि आजही बोलीत ते चालते. काही मंडळे तर मुलगी महाविद्यालयात दाखल होण्यापूर्वीच तिच्याकडून शब्द घेऊ लागली. हा गोंधळ आवरावा या हेतूने १९०२ च्या मे महिन्यात सात मंडळांच्या प्रतिनिधी शिकागो येथे एकत्र जमल्या. त्यांनी स्थापन केलेली मध्यवर्ती परिषद आजही आहे. निवडीचे आजचे सारे नियम या परिषदेच्या छायेखाली घडले.

ते नियम समजून घेण्यासारखे आहेत, कारण त्यांत गणित आणि शिष्टाचार यांचे विलक्षण मिश्रण आहे.

उन्हाळ्यात इच्छुक मुलगी नाव नोंदविते, शुल्क भरते, छायाचित्र, शाळेतील गुण आणि केलेल्या कामांची यादी देते. जुन्या सभासदांकडून शिफारसपत्रे आणण्याची चाल पुष्कळ ठिकाणी होती. जिची आई, आजी किंवा बहीण त्याच मंडळात होती, तिला पूर्वी विशेष मान असे. तिला ‘वारसदार’ म्हणत. २०२० नंतर अनेक मंडळांनी हा मान काढून टाकला. विद्यापीठात आल्यावर इच्छुक मुलींचे गट पाडले जातात आणि प्रत्येक गटावर एक मार्गदर्शक मुलगी नेमली जाते. ती स्वतः कोणत्या तरी मंडळाची सभासद असते. पण या दिवसांत तिने आपले मंडळ कोणास कळू द्यावयाचे नसते, की तिच्या शब्दाने कोणाचे मन एका बाजूस झुकू नये.

मग फेऱ्या सुरू होतात. पहिल्या फेरीत प्रत्येक मुलीने प्रत्येक घरी जावयाचे असते. मोठ्या विद्यापीठात अशी पंधरा-वीस घरे एका रांगेत असतात. दार उघडते, आतल्या मुली टाळ्या वाजवून ठरलेले गाणे म्हणतात, आणि प्रत्येक पाहुणीला एक एक सभासद हाताला धरून आत नेते. संभाषण वीस-पंचवीस मिनिटांचे. ते चालू असताना मध्येच दुसरी सभासद येऊन पहिलीची जागा घेते, मग तिसरी. त्यामुळे एका पाहुणीला दोन-तीन जणी पारखतात आणि पाहुणीला मात्र ते स्वाभाविक वाटावे असा बेत असतो. तरुण मुलगे, मद्य, निवडणुका, पैसा आणि धर्म हे पाच विषय या बोलण्यात आणावयाचे नाहीत असा शिरस्ता आहे. हे पाच विषय वजा केल्यावर अठरा वर्षांच्या मुलीने अनोळखी मुलीशी काय बोलावे, याचा विचार ज्याने त्याने करावा. उरते ते गाव, शाळा, सुटीतील प्रवास, अंगावरचे कपडे.

संध्याकाळी पाहुण्या निघून गेल्या की आत बैठक बसते. सभासद प्रत्येक मुलीला गुण देतात, चर्चा होते, नावे राहतात किंवा गळतात. इकडे पाहुण्याही आपल्या आवडीचा क्रम लिहून देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक मुलीच्या हाती तिची नवी यादी पडते. काल सोळा घरे होती, आज अकरा किंवा बारा. कोणत्या घराने बोलावले नाही एवढेच तीवरून कळते, का बोलावले नाही हे कधीच कळत नाही. दुसऱ्या फेरीत मंडळाच्या धर्मादाय कामाविषयी माहिती दिली जाते, तिसरीत घर आणि राहणी दाखविली जाते. शेवटच्या फेरीस फार तर दोन घरे उरतात. ही फेरी गंभीर असते; पांढरी वस्त्रे, मंद दिवे, जुन्या सभासदांची मनोगते. डोळ्यांतून पाणी काढण्याचा हेतू तेथे लपविला जात नाही.

ती संपली की मुलगी एका करारावर सही करते. त्यात उरलेल्या घरांचा पसंतीक्रम असतो, आणि लिहिलेल्यांपैकी ज्या घराचे आमंत्रण येईल ते स्वीकारण्याचे, न स्वीकारल्यास वर्षभर इतर घरी न जाण्याचे, बंधन असते. मंडळेही आपापल्या याद्या देतात. प्रत्येक घराने किती मुली घ्याव्यात याचा आकडा बांधलेला असतो. इच्छुकांची संख्या घरांच्या संख्येने भागली की तो साधारणपणे निघतो. पूर्वी दोन्ही याद्या हाताने जुळवीत, आता यंत्र जुळविते. दुसऱ्या दिवशी मैदानावर सर्वांना पाकिटे वाटतात, एकाच इशाऱ्यावर ती फोडतात, आणि नव्या मुली आपापल्या घराकडे धावत सुटतात. तेथे आणखी काही आठवड्यांची उमेदवारी, मग गुप्त विधीने दीक्षा. घरभाडे आणि वर्गणी मिळून खर्च वर्षाला हजारो डॉलर होतो.

या जुळवणीच्या पद्धतीने अर्थशास्त्रज्ञांचेही कुतूहल चाळविले. सुसान मंगेल आणि आल्विन रॉथ यांनी १९९१ साली तिचा अभ्यास एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध केला. रॉथ यांना पुढे २०१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशाच दुतर्फा निवडीच्या शास्त्रासाठी. त्यांना असे आढळले की, कागदावरचे नियम पाहता ही पद्धत मोडून पडावयास हवी; मुली आणि घरे यांच्या अशा जोड्या लागू शकतात की दोन्ही पक्षांना दुसरीकडे जावेसे वाटावे. तरीही ती टिकली. याचे कारण पुष्कळ मुली यादीत एकच नाव लिहितात. हे घर मिळाले तर ठीक, नाहीतर काहीच नको, अशा हट्टाने त्या सही करतात, आणि त्या हट्टामुळेच पद्धत चालते. विद्यार्थिनींच्या बोलीत या एकनावी यादीला आत्मघात म्हणत असत. शब्द कठोर आहे, पण शेवटच्या रात्रीची मनःस्थिती त्यात आली आहे.

दोन्ही बाजूंना निवडीचा हक्क आहे, म्हणून ही रीत न्यायाची, असे तिचे समर्थन केले जाते. तिच्यात सभ्यता आहे हे खरे. तोंडावर नकार कोणी कोणाला देत नाही. परंतु निवडीचे निकष बंद खोलीत राहिले की त्यांत काय काय शिरते, याचा दाखला अलाबामा विद्यापीठाने दिला. या विद्यापीठात काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९६३ साली केंद्र सरकारला बळ वापरावे लागले होते. त्याला पन्नास वर्षे झाली, त्या सप्टेंबर २०१३ मध्ये तेथील विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने उघड केले की, शाळेत उत्तम गुण मिळविलेल्या एका काळ्या मुलीला परंपरागत गोऱ्या मंडळांपैकी एकानेही घेतले नव्हते. आतल्या काही मुलींना ती हवी होती. बाहेर पडलेल्या जुन्या सभासदांनी आडकाठी केली, असे त्या मुलींनीच सांगितले. बोभाटा झाल्यावर विद्यापीठाच्या अध्यक्षांनी प्रवेश पुन्हा खुला करावयास लावला आणि त्या शरदात काही काळ्या मुली सभासद झाल्या. नियमावलीत वर्णाचा उल्लेख कुठेही नव्हता. पंचवीस मिनिटांचे गोड बोलणे आणि संध्याकाळची बैठक एवढ्यानेच ते काम होत आले होते.

बाहेर राहिलेल्यांनी बेटी लॉकचाच मार्ग धरला होता. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १५ जानेवारी १९०८ रोजी काळ्या विद्यार्थिनींनी ‘आल्फा कप्पा आल्फा’ हे आपले मंडळ काढले. कमला हॅरिस विद्यार्थिदशेत याच मंडळाच्या सभासद झाल्या. १९१३ साली तेथेच ‘डेल्टा सिग्मा थीटा’ निघाले, आणि दोन महिन्यांच्या आत त्यातील मुली स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या वॉशिंग्टनच्या मोर्चात चालल्या. ज्यू मुलींनी १९०९ साली न्यूयॉर्कच्या बार्नर्ड महाविद्यालयात, कॅथलिक मुलींनी १९१२ साली मिशिगन विद्यापीठात आपापली मंडळे काढली. एक दार बंद झाले की शेजारी दुसरे घर, असा हा इतिहास आहे.

१९०८ या सालापाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. त्याच वर्षी पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावर एक भगिनीसंघ निघाला. त्याचे धागेही अमेरिकेपर्यंत पोहोचतात, आणि तेथेही बाहेर ठेवलेल्या स्त्रियाच आरंभी होत्या.

१८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. हिंदुस्थानातील उच्चवर्णीय बालविधवांसाठी शाळा काढावयाची, तीसाठी पैसा जमवावयाचा, हे त्यांचे काम. गावोगाव व्याख्याने झाली आणि जागोजाग ‘रमाबाई मंडळे’ निघाली. कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थिनींचे मंडळ अगदी आरंभीच्यांपैकी होते. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला या सर्वांची मध्यवर्ती संस्था झाली. या मंडळांत शिरण्याची अट अशी : दरवर्षी एक डॉलर, दहा वर्षे. चेहरा पाहणे नाही, गाणे नाही, गुप्त मत नाही. ज्या काळात ग्रीक अक्षरांच्या घरांची दारे अरुंद होऊ लागली होती, त्याच काळात, त्याच विद्यापीठांतून, एका मराठी बाईच्या नावाने एक उघडे दार उभे होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. अमेरिकेतील स्त्रियांनी अशा संस्था कशा बांधल्या, त्याचे वर्णन रमाबाईंनी १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी ग्रंथात मोठ्या कौतुकाने केले आहे.

त्या डॉलरांवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन सुरू झाले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. तिची बहीण पार्वतीबाई आठवले; विसाव्या वर्षी विधवा, पदरी एक मुलगा. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्यास एका झोपडीत नेला, आणि पार्वतीबाई आधी तेथे शिकल्या व मग तेथल्याच झाल्या. आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत त्या गावोगाव हिंडल्या.

आश्रम वाढला, त्याच्या जोडीस १९०७ साली मुलींसाठी महिलाविद्यालय निघाले. परंतु पगारी माणसांवर अशी संस्था फार दिवस चालत नाही हे कर्व्यांनी ओळखले होते. गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला, तो आदर्श पुढे होताच. नोव्हेंबर १९०८ मध्ये ‘निष्काम कर्ममठ’ स्थापन झाला. त्यात पुरुषही होते. पण त्याचा कणा होता आश्रमात घडलेल्या विधवांचा. पार्वतीबाई, काशीबाई देवधर, वेणूबाई नामजोशी ही त्यांतली नावे.

मठात शिरण्याची रीत हॉवर्डच्या किंवा डीपॉच्या रीतीच्या उलट होती. तेथे निवड बोलण्यावरून होत नव्हती, कामावरून होत होती. संस्थेत आधी राबावयाचे, शिकवावयाचे, स्वयंपाकघर आणि हिशेब सांभाळावयाचे. आणि मग, इच्छा असेल तर, शपथ घ्यावयाची. आयुष्य कार्यास वाहावयाचे, स्वतःसाठी पैसा मिळवावयाचा नाही, संस्था देईल तेवढ्यावर चरितार्थ चालवावयाचा, असा त्या शपथेचा आशय. हे दार उघडे होते, पण उंबरठा इतका उंच की थोड्याच जणी तो ओलांडू शकल्या. ज्या समाजाने विधवेला घराच्या कोपऱ्यात बसविले होते, त्या समाजात तिला सर्वस्व देण्याची शपथ घेता येणे हाही एक अधिकारच होता, असे म्हणता येईल; आणि ज्यांना आधीच काही नव्हते त्यांच्याकडूनच सर्वस्व मागितले गेले, असेही म्हणता येईल. दोन्ही खरे आहे. १९१५ च्या सुमारास आश्रम, विद्यालय आणि मठ यांचे एकीकरण झाले आणि मठ निराळा उरला नाही.

आणि हिंगण्याचे दारही सर्वांना उघडे नव्हते. आरंभीच्या काळात आश्रमात ब्राह्मण विधवांनाच प्रवेश होता. देणगीदार बिथरतील, पालक मुली पाठविणार नाहीत, ही त्यामागची भीती. पुनर्विवाह केला म्हणून कर्व्यांना त्यांच्या मुरूड गावाने वाळीत टाकले होते. वाळीत पडलेल्या माणसाने काढलेल्या संस्थेलाही कोणाला तरी बाहेर ठेवावे लागले. अलाबामाची बातमी वाचून हात झटकणाऱ्याने हे ध्यानात ठेवणे बरे. कर्व्यांच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की, त्यांना ही उणीव सलत होती. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, १९४४ साली, त्यांनी जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला.

हिंगण्यासारखीच हालचाल त्याच सुमारास सुरतेतही झाली. १९०७ साली बाजीगौरी मुनशी आणि शिवगौरी गज्जर या दोन विधवांनी तेथे ‘वनिता विश्राम’ काढले. पलसाण्यापासून ते एका दिवसाच्या बैलगाडीच्या अंतरावर होते. गायकवाडी हद्दीतली सक्तीची शाळा दहाव्या वर्षी मुलीला सोडून देई. त्यापुढे तिला, विशेषतः ती विधवा असेल तर, जवळपास कुठे जागा असलीच तर ती अशा संस्थांत. त्याच वनिता विश्रामचे आता स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले आहे.

पार्वतीबाईंची गोष्ट मात्र अजून पुरी झाली नाही. १९१८ साली, अठ्ठेचाळिशीच्या घरात, त्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी शिकावे आणि संस्थेसाठी पैसा जमवावा हा हेतू. जवळ पैसा नव्हता आणि भाषाही नव्हती, म्हणून त्यांनी लोकांच्या घरी घरकामाची नोकरी धरली. दोन वर्षांनी त्या परत आल्या. ज्या देशातील विद्यार्थिनींच्या डॉलरांनी त्यांच्या बहिणीला पाटी हाती दिली, त्या देशात त्यांनी कोणाच्या तरी घरची भांडी घासून भाषा मिळविली. या साऱ्याचा वृत्तान्त त्यांच्या १९२८ सालच्या आत्मचरित्रात आहे.

पार्वतीबाईंनंतर ऐंशी वर्षांनी, १९९८ च्या शरदात, टेक्सास राज्यात दोन मंडळे निघाली. ऑस्टिनच्या विद्यापीठात ‘कप्पा फाय गामा’ आणि ह्यूस्टनच्या विद्यापीठात ‘डेल्टा फाय ओमेगा’. काढणाऱ्या मुली भारतीय उपखंडातून गेलेल्या कुटुंबांच्या. त्याच सुमारास न्यूयॉर्ककडेही तिसरे निघाले. ग्रीक अक्षरे तीच, दीक्षा आणि गुप्तता तीच. पण शिरण्याची रीत निराळी. येथे घरांची रांग नाही, पुष्कळदा घरच नाही. यंत्राची जुळवणी नाही. सत्राच्या आरंभी विद्यापीठातील एखाद्या खोलीत माहितीची बैठक होते, मागून चहाफराळाच्या दोन-तीन भेटी, एक मुलाखत. आणि एका वेळी आठ-दहा किंवा त्याहूनही थोड्या मुली घेतल्या जातात. वर्ण किंवा धर्म यांची अट नाही असे या मंडळांचे नियम सांगतात. सभासद मात्र बहुतेक पटेल, शहा, रेड्डी, कुलकर्णी अशा आडनावांच्या असतात.

मोटेलाच्या मागच्या खोलीत वाढलेल्या मुलीपुढे म्हणून आज दोन दारे असतात. रांगेतल्या घरांत तिची वर्णी लागणे आता अशक्य राहिलेले नाही, कित्येकींची लागते. तिने काय बोलावे, काय ल्यावे, हे शिकविणाऱ्या बायका त्या देशात फी घेऊन मिळतात. दुसरीकडे खोलीतल्या बैठकीस येणाऱ्या मुलीला नवरात्रात गरबा कोठे आहे हे विचारावे लागत नाही, आणि आईने फोनवर गुजरातीत रागावणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. कित्येकजणी ऑगस्टमध्ये रांगेतली घरे पाहतात, चौथ्या दिवशी यादी कोरी आली की वसतिगृहातल्या खोलीत दिवसभर पडून राहतात, आणि सप्टेंबरमध्ये, भिंतीवर लावलेले पत्रक वाचून, त्या दुसऱ्या बैठकीस जातात.